न्यूरॉन ‘रंगवले’ म्हणायचं का?

प्रश्न असा आलाय की ड्रोसोफिला या माशीच्या न्यूरॉन्सचं (मज्जापेशींचं) स्टेनिंग, म्हणजे मायक्रोस्कोपखाली दिसावं म्हणून रंग चढवणं, आणि इमेजिंग यावरच्या प्रबंधाचा सारांश मराठीत लिहायचाय, तर स्टेनिंगला ‘रंगवणे’ म्हणू का ‘डाग देणे’, आणि फ्रूट फ्लाय म्हणजे फळमाशीच ना.

माशीचं आधी उरकतो. फळमाशी म्हटलं की कोकणातल्या बागायतदाराला आंबा नासवणारी बॅक्ट्रोसेरा आठवते, ती वेगळ्याच कुळातली. ड्रोसोफिला म्हणजे पिकल्या केळ्यांवरचं चिलट, एकदा तसं सांगा नि पुढे खुशाल ड्रोसोफिला लिहा.

‘डाग देणे’ नकोच हो, अग्निडाग आठवतो, मेंदूचे अंत्यसंस्कार चाललेत असं वाटेल!

‘रंगवणे’ बरं वाटतं पण त्यात रंग कुठे लागणार ते रंगवणारा ठरवतो, इथे उलट आहे. जेमतेम अर्धा मिलिमीटर रुंदीचा तो मेंदू चिमट्यांनी सोडवून फिक्स करतात, म्हणजे रसायनाने आहे तसा टिकवतात, अँटीबॉडी (ठराविक प्रोटीनलाच चिकटणारा रेणू) आत शिरावी म्हणून ट्रायटन या साबणासारख्या द्रवाने धुतात, मग समजा एनसी८२ ही अँटीबॉडी घालून एक-दोन रात्री फ्रिजमध्ये ठेवतात, ती सायनॅप्सपाशी, म्हणजे दोन न्यूरॉन जिथे जोडले जातात तिथे, असणाऱ्या ब्रुखपायलट या प्रोटीनलाच चिकटते, बाकी कशाकडे ढुंकूनही बघत नाही, आणि मग तिला धरून बसणारी दुसरी, चमकणारी अँटीबॉडी. म्हणजे जागा ठरवतंय ते प्रोटीन. कापड रंग धरतं म्हणतो ना आपण, तेच क्रियापद घ्या: ‘सायनॅप्सच्या भागाने रंग धरला’. गॉल्जी या इटालियन शास्त्रज्ञाने १८७३ मध्ये मज्जापेशींसाठी सिल्व्हर नायट्रेट वापरलं तेव्हाही मोजक्याच पेशी काळ्या झाल्या, बाकीच्यांनी रंग धरलाच नाही, वाक्य तिथेही चपखल बसतं.

जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन) असेल तर मात्र हेही चालणार नाही, कारण गॅल४-यूएएस या जनुकांच्या पद्धतीमध्ये बाहेरून रंग घालतच नाही, पेशी स्वतःच ते प्रोटीन बनवते. तिथे ‘न्यूरॉन उजळले’ लिहा.

आणि गंमत म्हणजे ‘रंगवणे’ खरं लागू पडतं ते कॉम्प्युटरला. कॉन्फोकल या लेझरवाल्या मायक्रोस्कोपचा डिटेक्टर नुसता प्रकाश किती आला तेवढं मोजतो, चित्र करडंच असतं, हिरवा नि मॅजेंटा आपण सॉफ्टवेअरमध्ये देतो (लाल-हिरव्यातला फरक न दिसणाऱ्यांसाठी हल्ली लाल टाळतात). तेव्हा फोटोखाली ‘रंग नंतर दिले आहेत’ लिहिलंत तर उत्तमच.

इमेजिंगला प्रतिमांकन वगैरे जड शब्द कशाला, ‘एकेक मायक्रॉन खाली जात कॉन्फोकलवर थराथराचे फोटो घेतले’ एवढं पुरे.