'चेक' या इंग्रजी शब्दाचे मूळ

प्रश्न : बँकेचा चेक, कापडावरचे चेक्स, 'चेक करणे' म्हणजे तपासणे आणि बुद्धिबळातला चेक, हा सर्वत्र एकच शब्द आहे, की केवळ उच्चार सारखा आहे?

उत्तर : हे सर्व अर्थ एकाच घराण्यातले असून त्यांचा उगम बुद्धिबळाच्या पटावर आहे. फारसीत राजाला 'शाह' म्हणतात; प्रतिपक्षाच्या राजावर हल्ला होताच हा शब्द उच्चारून त्याला सावध केले जाई. अरबांमार्फत हा खेळ युरोपात पोहोचला, जुन्या फ्रेंचमध्ये त्या शब्दाचे 'एशेक' झाले आणि पुढे इंग्रजीत 'चेक'. आपला 'शह'ही त्याच फारसी शब्दातून आलेला आहे. 'चेकमेट' म्हणजे तर सरळसरळ 'शहमात'.

शह बसला की इतर सारे बेत बाजूला ठेवून आधी राजा सोडवावा लागतो. त्यामुळे चौदाव्या शतकातच 'अडवणे, आवर घालणे' हा अर्थ या शब्दाला चिकटला, आणि गैरप्रकारांना आवर घालायचा तर पडताळणी हवीच, या ओघाने सतराव्या शतकात 'तपासणे' हा आज सर्वाधिक रुळलेला अर्थ आला. कापडावरचे चौकडे अर्थातच पटावरच्या घरांवरून आले.

बँकेच्या चेकची कथा मला सर्वांत वेधक वाटते. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा महसूल सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद अशा मेजावर मोजला जाई. त्यावर रेघांनी आखलेले कापड अंथरून सोंगट्या मांडत आणि सरकवत हिशेब करत. खजिनदार रिचर्ड फिट्झनील यांनी त्याचे तपशीलवार वर्णन लिहून ठेवले आहे. बुद्धिबळाच्या पटाशी असलेल्या या साम्यामुळे ते खातेच 'एक्स्चेकर' म्हणून ओळखले जाऊ लागले. अठराव्या शतकात 'चेक' हे नाव आधी हुंडीच्या स्थळप्रतीला मिळाले, कारण तिच्याशी ताडून बनावट कागद पकडता येई. नंतर ते खुद्द धनादेशालाच लागले. ब्रिटिश लेखनातले त्याचे वेगळे स्पेलिंग मात्र 'एक्स्चेकर'च्या प्रभावाने घडले. अमेरिकेत ते साधेच राहिले.

चेक प्रजासत्ताकातला 'चेक' तेवढा या घराण्याबाहेरचा, कारण ते तिथल्या स्लाव लोकांचे स्वतःचे नाव आहे.