सागरवेणी आधी, पाचपेडी नंतर
अगं, पहिल्याच दिवशी पाचपेडीच्या नादी लागू नकोस. आधी सागरवेणी, म्हणजे कपाळापासून कडेच्या बटा घेत डोक्यालगत गुंफत नेलेली तीन पेडांची वेणी, हातात बसू दे. नुकत्या धुतलेल्या केसांची बट बोटांतून सुळकन निसटते, तेलाचा हात फिरवलेले केस बरे. कपाळाशी तीन पेड घे. बाजूचा पेड मधल्यावर टाकण्याआधी करंगळीने कडेची बारीक बट उचलून त्यात मिसळ. बट जाड घेतलीस की वेणीला फुगे येतात. पेड ताणून धर, पण कानशिलं ओढली जातील इतका नको. माझी लेक त्यावरूनच रडायची. मानेपाशी आलीस की जिची वेणी घालतेस तिला मान सरळ ठेवायला लाव, नाहीतर तिथे वेणी ढिली पडते. गजरा सगळ्यात शेवटी, दोन आकडे लावून.