तेरडा लावायचाय? आधी बी राखा

नमस्कार मंडळी, चवथ (गणेश चतुर्थी) अजून लांब आहे पण तेरड्याबद्दल आत्तापासूनच विचारणं सुरू झालंय. पेडण्याचे एक भाऊ म्हणतात, घरामागच्या सड्यावर (जांभ्या खडकाच्या पठारावर) पूर्वी तेरडा नुसता माजलेला असायचा, आता दरवर्षी कमी कमी होत चाललाय, खत टाकू का? आणि डिचोलीच्या एका ताईंनी दुकानातलं बी आणून पेरलं, अर्धं पावसात कुजलं, उरलेल्याला गुलाबासारखी गच्च फुलं आली, ती गवरीसाठी कोणी घेईना.

भाऊ, खताचा इथे काय संबंध नाय. तेरडा एका पावसाचं झाड, पुढच्या वर्षी जे उगवतं ते फक्त खाली पडलेल्या बियांतून. आपण काय करतो, गवरीला मुळासकट लागतो (मुळं म्हणजे तिची पावलं ना) म्हणून भर फुलात उपटतो, बोंडं भरायच्या आधी, आणि आता तर विकायला पेंढ्याच्या पेंढ्या जातात. मग बी पडणार कुठनं? दहातली तीन-चार झाडं तरी हात न लावता सोडा.

बी धरायचं तर बोंडाकडे लक्ष ठेवा. लव असलेलं, मध्ये फुगीर, हिरवं असतं, मग जरा पिवळट पडतं आणि त्यानंतर नुसतं बोट लागलं तरी फट्‌कन फुटून साली आत गुंडाळतात, बी चारी दिशांना. मी एकदा शहाणपणा करून पिकलेली बोंडं शर्टाच्या खिशात टाकली, घरी पोचेपर्यंत खिशात नुसत्या साली आणि बारीक काळपट बी शिवणीत अडकलेलं. कापडी पिशवी बोंडावर धरून मगच हात लावा. बी वाळवून कापडाच्या पुरचुंडीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये बुरशी येते.

ताई, तुमचं बी बागेतल्या डबल जातीचं होतं, झाड तेरडाच पण गवरीला लागतो तो साधा एकेरी गुलाबी. कुजलं ते पाणी साचल्यामुळे. वाफा वीतभर उंच करा, जांभ्याची माती चालते, कुजलेलं शेणखत थोडं घाला, युरिया अजिबात नको, देठ आधीच पाणीदार, आणखी फोफावून आडवे पडतात. बी वर टाकून चिमूटभर बारीक माती भुरभुरायची, बास. जुलैचा पाऊस रोपांना झोडपतो म्हणून पडवीत ट्रेमध्ये रोपं करून चार पानांवर बाहेर लावली तर बरं, वीतभर अंतर ठेवून. कुळागराच्या (माडा-पोफळीच्या बागेच्या) गच्च सावलीत नको, मेरेवर म्हणजे बांधावर लावा. उगवायला आठ-दहा दिवस, फुलाला दीड-दोन महिने. २०२६ ची चवथ १४ सप्टेंबरला, म्हणजे एक पेरणी जूनअखेर आणि दुसरी १० जुलैच्या आसपास, एक चुकली तर दुसरी हाताशी.

शेपटीला शिंग असलेली जाडजूड अळी दिसली तर हाताने वेचा, फवारणी कशाला. पाऊस ओसरल्यावर पानांवर भुरी (पांढरी भुकटीसारखी बुरशी) येते, तोवर बहुतेक बी धरलेलं असतं, सोडून द्या.

आणि भाऊ, सड्यावर परत आणायचा असेल तर मे अखेरीला मूठभर बी जांभ्याच्या फटीतल्या मातीत टाका, पण त्याच सड्यावरचं किंवा शेजारच्या गावचं. दुकानातलं डबल बी तिथे टाकू नका, फुलपाखरं-मधमाश्या दोन्ही तेरड्यांचे परागकण एकत्र करतात आणि मग रानटी तेरडा निवडून काढणं कठीण.