कब्बाला, कबाला आणि कबूल

प्रश्न असा आहे : 'धास्तीच्या दिवसांत ज्यू गूढपरंपरेने, म्हणजे कब्बालाने, दिलासा दिल्याचे एका लेखात वाचले. आपल्या दस्तऐवजी भाषेत कबाला म्हणजे करारपत्र किंवा खरेदीखत. या दोहोंचा काही संबंध आहे का, आणि मराठीत कब्बालाला काय म्हणावे?'

संबंध आहे, आणि चांगला सख्खा आहे. आधी एक तक्रार मात्र नोंदवतो. इंग्रजी स्पेलिंग पाहून 'कबलाह' लिहिण्याची खोड सोडावी, कारण शेवटचा ह हिब्रूत लिहिण्यापुरता असतो, उच्चारात नसतो. 'काळी जादू' असे भाषांतर करणाऱ्यांनी तर मूळ शब्दाकडे ढुंकूनही पाहिलेले नसते.

कब्बाला म्हणजे स्वीकार, आणि स्वीकारलेले, पूर्वसूरींकडून हाती आलेले ज्ञान. आजच्या इस्राएलात दुकानदार पैसे घेऊन जी पावती देतो, तिलाही हाच शब्द आहे. धातू क-ब-ल, अरबीतही तोच, आणि तेथून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेले कबूल, कबुलायत, कबाला, मुकाबला आणि 'कुटुंबकबिल्या'तला कबिला ही सारी त्याचीच भावंडे. मिश्ना या प्राचीन ज्यू धर्मग्रंथातील 'पिर्के आवोत' या भागाचे पहिलेच वाक्य सांगते की मोशेने सिनाई पर्वतावर तोरा, म्हणजे ज्यूंचे धर्मशास्त्र, स्वीकारली आणि यहोशवाकडे सोपवली. तेथे स्वीकारण्याला 'किब्बेल' आणि सोपवण्याला 'मसर' अशी वेगळी क्रियापदे आहेत. आपल्या 'संप्रदाय' शब्दात 'दा' धातू आहे, म्हणजे तो देणाऱ्याच्या बाजूने बोलतो. कब्बाला घेणाऱ्याच्या बाजूने बोलतो. म्हणून 'संप्रदाय' हा प्रतिशब्द मला अर्धाच वाटतो.

खरी गंमत पुढे आहे. या धातूच्या पोटात 'समोर असणे' हा अर्थही दडलेला आहे. अरबीत नमाजाच्या वेळी जिकडे तोंड करायचे तो किबला, आणि समोरासमोर येणे तो मुकाबला. बायबलमधल्या निर्गमाच्या २६व्या अध्यायात देवाच्या निवासमंडपाच्या पडद्यांना पन्नास पन्नास फासे लावायला सांगितले आहेत, आणि ते एकमेकांसमोर यावेत यासाठी शब्द योजला आहे 'मक्बिलोत'. स्वीकारायचे तर आधी तोंड वळवावे लागते. भीतीकडे पाठ फिरवलेल्या माणसाच्या हाती काही ठेवता येत नाही. हे माझे लाडके मत आहे, व्युत्पत्तिकोशाचा निर्वाळा नव्हे. पण 'स्वीकारणे' एवढ्यावर थांबणारे कोश मला कंजूष वाटतात.

धास्तीच्या काळाबद्दल कब्बालाचे अभ्यासक गेर्शोम शोलेम यांचे म्हणणे प्रसिद्ध आहे : १४९२ मध्ये स्पेनमधून झालेल्या ज्यूंच्या हकालपट्टीच्या जखमेतून इसहाक लूरिया या गूढवाद्याची कब्बाला उगवली. दुसरे अभ्यासक मोशे इदेल यांनी यावर घेतलेला आक्षेप मला पटतो. लूरिया आजच्या इस्राएलातल्या सफेद या गावी पोहोचला १५७० मध्ये, म्हणजे जवळजवळ ऐंशी वर्षांनी, आणि त्याच्या विचारांतले बरेच धागे हकालपट्टीच्या आधीचे होते. प्रत्येक कल्पनेमागे एकेक आपत्ती उभी करणे हा इतिहासकारांचा आवडता छंद आहे. लूरिया स्वतः १५७२ मध्ये साथीच्या रोगाने अडतिसाव्या वर्षी गेला, आणि त्याने सांगितलेली कथा मात्र स्वीकारण्याचीच आहे : दैवी प्रकाश ज्या पात्रांत ओतला ती तो पेलू शकली नाहीत, फुटली, आणि विखुरलेल्या ठिणग्या वेचण्याचे काम माणसाकडे आले. धास्तावलेल्याला यात दिलासा वाटतो तो एवढ्यासाठी की भंगणे हा त्याचा एकट्याचा दोष उरत नाही.

मूळ प्रश्न राहूनच जात होता. मराठीत 'कब्बाला' असेच लिहावे आणि पहिल्या उल्लेखाला 'ज्यू गूढपरंपरा' असे जोडावे. नुसता 'कबाला' लिहिल्यास वाचकाला तलाठ्याचे दप्तर आठवेल.

शब्द कानांनी नव्हे, डोळ्यांनी समजून घ्यायचा असेल तर शुक्रवारी संध्याकाळी सिनेगॉगमध्ये जावे. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून कोकणात 'शनवार तेली' म्हणवल्या गेलेल्या बेने इस्राएल ज्यूंची प्रार्थनालयेही त्यात आलीच. त्या प्रार्थनेचे नाव 'कब्बालात शब्बात', म्हणजे शब्बाताचे, शनिवारच्या पवित्र विश्रांतिदिवसाचे, स्वागत, आणि ती घडवली सोळाव्या शतकातल्या सफेदच्या कब्बालावाद्यांनी. त्यात श्लोमो अल्काबेत्झचे 'लेखा दोदी' हे गीत म्हणतात, ज्यात यरुशलेमेला 'धूळ झटक, ऊठ' असे सांगितले आहे. शेवटच्या कडव्याला सगळे उठतात आणि दाराकडे तोंड करून वळतात.