सांगलीत समुद्र नाही, पण हायड्रा आहे

स. न. वि. वि.

तुमची मुलगी अकरावी सायन्सला आहे आणि तिला जेलीफिश, प्रवाळ यांवर संशोधन करायचंय. ‘सांगलीत समुद्र नाही, तिला पोहता येत नाही, पुढे पोट भरेल का?’ असं तुम्ही विचारलंय.

समुद्राची अडचण यात सर्वांत छोटी आहे. जेलीफिश, प्रवाळ, समुद्रफूल आणि हायड्रा हे सगळे निडारिया या एकाच संघातले, म्हणजे प्राण्यांच्या एकाच मोठ्या गटातले. दंशपेशी ही त्यांची खूण. हायड्रा हा इवलासा प्राणी गोड्या पाण्यात राहतो आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत त्यावर बरीच वर्षं काम झालंय. मुलीची आवड किती खरी आहे, ते याच हिवाळ्यात घरी कळेल.

तळ्यातल्या पाणवनस्पती त्याच पाण्यासकट काचेच्या बरणीत घालून उजेडात, पण थेट ऊन न लागेल अशा जागी दोन दिवस न हलवता ठेवा. काचेवर अर्ध्या-एक सेंटिमीटरचे धागे दिसले आणि हलकेच टोचल्यावर आखडून ठिपका झाला, तर तो हायड्रा. नळाचं पाणी घालू नका. क्लोरीन आणि तांबं त्याला सोसत नाही. खायला आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या बारीक, कोळंबीसारख्या जिवाची पिल्लं. त्यांची अंडी मिठाच्या पाण्यात एक-दोन दिवसांत फुटतात. पिल्लं गाळून गोड्या पाण्यात धुऊन आठवड्यातून दोन-तीनदा द्यायची, नाहीतर मिठाने हायड्राच मरतो. खाणं झाल्यावर काही तासांत पाणी बदलून तळ्याचंच गाळलेलं पाणी घालायचं. बहुतेकांची बरणी इथेच बिघडते, कारण उरलेली पिल्लं सडतात. नीट जमलं की हायड्राच्या अंगावर कळ्या फुटतात, त्यांतून नवे हायड्रा होतात. मग एखादा ब्लेडने मधोमध आडवा कापून खालचा तुकडा रोज भिंगातून पाहायचा, चित्र काढायचं. दोन-तीन दिवसांत त्याला नवी शुंडकं, म्हणजे तोंडाभोवतीचे धाग्यासारखे हात, येतात. दोन महिने हे न कंटाळता केलं, तर तिला अडवू नका.

बारावीनंतर प्राणिशास्त्रात बी.एस्सी. करावी. मग सागरी जीवशास्त्रासाठी गोवा विद्यापीठ, कोचीचं ‘कुसॅट’ विद्यापीठ किंवा तमिळनाडूत परंगीपेट्टईला असलेलं अण्णामलै विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्र केंद्र. रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयाची चार वर्षांची पदवीही आहे. पण तिथे भर मासे आणि मत्स्यशेतीवर. लवकर कमावणं गरजेचं असेल तर मी तीच सुचवेन. संशोधनासाठी सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली, तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, शिवाय घरभाडं. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, कोचीची सीएमएफआरआय (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) अशा ठिकाणी कायम जागा मोजक्याच निघतात. त्यामुळे संख्याशास्त्र आणि डीएनएचं काम पदवीपासूनच शिकलेलं बरं. हे येत असेल तर इतर प्रयोगशाळांचीही दारं उघडतात.

कोकणात गेलात तर दोन गोष्टी सांभाळा. प्रवाळाचा तुकडा, मेलेला असला तरी, घरी आणायचा नाही. कठीण प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघासारखेच. आणि पावसाळ्यात वाळूत पडलेल्या निळ्या ‘ब्लू बॉटल’ या जेलीफिशसारख्या प्राण्याला हात लावायचा नाही. प्राणी मेला तरी त्याच्या दंशपेशी स्पर्श होताच सुटतात. डंख झालाच तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. त्याने उरलेल्या पेशीही फुटतात. समुद्राच्याच पाण्याने धुवा.

हायड्राच्या अभ्यासाला पोहणं लागत नाही, जेलीफिशच्या अभ्यासालाही बोटीवरून जाळं टाकून चालतं. अंदमान-लक्षद्वीपच्या प्रवाळांत उतरायचं असेल तर मात्र स्कूबा लागेल. तेव्हा येत्या उन्हाळ्यात तिला पोहायला तलावावर घाला.