ऋण प्रबलनातलं 'ऋण'

प्रश्न अंबाजोगाईहून आलाय. विचारणारी मुलगी बी.कॉम.ला आहे आणि या सत्रात दुसऱ्या शाखेतला विषय म्हणून तिनं मानसशास्त्राची तोंडओळख घेतली आहे. तिचं म्हणणं असं: "मॅडमच्या नोट्समध्ये 'ऋण प्रबलन' आहे, गाईडमध्ये 'नकारात्मक प्रबलन' आणि हिंदी व्हिडिओत 'ऋणात्मक पुनर्बलन'. तिन्ही एकच का? गाईडमधलं उदाहरण आहे, 'गृहपाठ केला नाही म्हणून छडी मारणे'. मग ही सरळ शिक्षाच झाली ना? आणि आपल्या बोलण्यात याला साधा शब्दच नाही का?"

तिन्ही एकच. शिक्षा मात्र नाही. गाईडमधल्या छडीकडे शेवटी येतो.

आधी 'प्रबलन' बघू, कारण सगळ्यांची नजर जाते पुढच्या 'ऋण'वर आणि खरं उत्तर दडलंय मागच्या शब्दात. प्रबलन म्हणजे प्रबळ करणं. कुणाला? माणसाला नाही, त्याच्या वागण्याला. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगाच्या पेटीतला उंदीर दांडी दाबतो, अन्नाची गोळी पडते, तो पुन्हा पुन्हा दाबायला लागतो. हे धन प्रबलन. आता त्याच पेटीच्या जाळीत बारीकसा करंट सोडा आणि दांडी दाबली की तो बंद होईल अशी सोय करा. उंदीर आताही दांडी जास्तच दाबणार. हे ऋण प्रबलन. एकीकडे काहीतरी पदरात पडलं, दुसरीकडे काहीतरी अंगावरून गेलं. दाबणं दोन्हीकडे वाढलं. शिक्षेत ते घटतं. म्हणून एखादं उदाहरण हातात आलं की पहिला प्रश्न 'वागणं वाढलं की घटलं?' हाच विचारायचा. 'गोड की कडू?' हा प्रश्न इथं लागू नाही.

घोटाळा करतो तो 'नकारात्मक' हा शब्द. नकारात्मक विचार, नकारात्मक ऊर्जा, नकारात्मक बातम्या हे इतकं कानावर पडलंय की नकारात्मक म्हटलं की डोक्यात 'वाईट' एवढंच उमटतं. त्यात 'नकार' आहे, आणि इथं कुणी कुणाला नाही म्हटलेलं नाही. मला विचाराल तर मॅडमचा 'ऋण'च खरा. तो शाळेतल्या बीजगणितातला, धन संख्या नि ऋण संख्या यांतला. ऋण म्हणजे वजा.

पण वाणिज्य शाखेच्या मुलीला ऋण म्हटलं की कर्ज आठवणार. आठवू द्या, ते चुकीचं नाही! गणिती ब्रह्मगुप्तानं इ.स. ६२८च्या सुमारास अशा संख्यांचे नियम मांडले तेव्हा त्यानंही धन आणि ऋण हेच शब्द घेतले, संपत्ती आणि कर्ज. त्याचा एक नियम असा की शून्यातून ऋण वजा केलं की धन होतं. डोक्यावरचं गेलं म्हणजे मिळालंच की. बँकेची एकरकमी परतफेड योजना घ्या. मुद्दल एकदम भरलं तर थकलेलं व्याज माफ. व्याजाचं ओझं उतरलं, आणि त्या अनुभवानं माणूस पुढच्या वेळीही असं भरायला पुढं आला, तर भरण्याच्या वागण्याचं ऋण प्रबलन झालं. सरसकट कर्जमाफी मात्र यात बसत नाही. ती भरणाऱ्याच्या भरण्यावर अवलंबून नसते. ती कोणत्या वागण्याला बळ देते, हा वाद अर्थशास्त्रवाल्यांनी घालावा.

आता शेतात चला. कोळपताना बैल सोयाबीनच्या ओळीला तोंड लावतो, पाठीवर काठी बसते, तोंड लावणं कमी होतं. ही शिक्षा. तोच बैल ओळीच्या मध्येच अडून उभा राहिला की काठीच्या टोकाची आर टोचत राहते. त्यानं पाय उचलला की टोचणं थांबतं. पुढच्या वेळी तो लवकर पाय उचलतो. हे ऋण प्रबलन. काठी तीच, बैल तोच, मारणाराही तोच. म्हणजे नाव वस्तूला द्यायचं नाही, त्या वस्तूनं कोणतं वागणं वाढवलं किंवा घटवलं त्याला द्यायचं. (तोंडाला मुसकी बांधली तर? त्यात बैल काहीच शिकत नाही, त्याला खाताच येत नाही एवढंच.)

'शिक्षा' हा शब्दही कमी बेरकी नाही. शिक्षण आणि शिक्षा एकाच धातूतून निघालेले. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षणच, म्हणून त्या व्हिडिओत शिक्षेला 'दंड' म्हटलं असणार. आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून 'सजा' आहे, निजामी राजवटीतल्या उर्दू कारभाराची आठवण. तलाठ्याचा सजा वेगळा. मराठीत 'दंड' म्हणजे खिशातून पैसे जाणं, आणि हा अर्थ मानसशास्त्राला फार सोयीचा आहे. छडी बसली तर काहीतरी अंगावर आलं, ती धन शिक्षा. दंड भरला तर जवळचं गेलं, ती ऋण शिक्षा. 'धन शिक्षा' ऐकायला विचित्र वाटते खरी, पण एकदा धन म्हणजे अधिक आणि ऋण म्हणजे वजा हे पक्कं झालं की कान सरावतो.

तुम्ही गोंधळलात यात नवल नाही. खुद्द स्किनर यांनी १९३८च्या ग्रंथात 'ऋण प्रबलन' हा शब्द आज आपण शिक्षा म्हणतो त्याच्यासाठी वापरला होता. १९५३च्या पुस्तकात तो आजच्या अर्थानं येतो. पुढं १९७५ साली जॅक मायकल या मानसशास्त्रज्ञांनी तर लेख लिहून विचारलं की हा धन-ऋण भेद ठेवायचाच कशाला. त्यांची शंका आपल्या कूलरला लावून बघा: मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत कूलर लावला, तर गारवा आला की उकाडा गेला? परीक्षेत मात्र हा वाद काढू नका.

ऋण प्रबलन खरं बघायचं असेल तर आठवडी बाजारात बघावं. पोरगं खाऊच्या गाड्यापुढं फतकल मारून बसतं नि गळा काढतं. चार माणसं वळून बघतात. आई वैतागून पुडा हातात देते. पोराला रडल्यावर पुडा मिळाला, त्याच्या रडण्याचं धन प्रबलन झालं. हे सगळ्यांना दिसतं. आईचं काय झालं ते कुणी बघत नाही. पुडा देताक्षणी रडं थांबलं, लाज वाचली, जीव भांड्यात पडला. तिच्या पुडा देण्याचं ऋण प्रबलन झालं. पुढच्या बाजारी पोरगं लवकर रडणार नि आईही लवकर देणार. दोघं एकमेकांना शिकवतायत, आणि आजी मागून म्हणते, "सोकावलंय ते."

इथंच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. सोकावणं हा प्रबलनाला आपल्या बोलीतला सगळ्यात जवळचा शब्द. पिकाला सोकावलेलं जनावर पुन्हा त्याच बांधावरून येतं. 'म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो' या म्हणीत तर काळालाही प्रबलन मिळतं! अडचण एवढीच की सोकावणं नेहमी वाईट गोष्टीचं. अभ्यासाला सोकावला असं कुणी म्हणत नाही. पाठ्यपुस्तकाला बरं-वाईट न ठरवणारा शब्द हवा होता, म्हणून 'प्रबलन' घडवावा लागला.

'ऋण' भागासाठी मात्र मराठीकडं एक सोडून दोन क्रियापदं आहेत: सुटणं आणि टळणं. त्रास आधीच अंगावर आहे आणि काही केल्यानं तो गेला, तर आपण त्यातून सुटलो. डोकं दुखत असताना गोळी घेतली तसं. त्रास अजून यायचाय आणि आधीच काही केल्यानं तो आला नाही, तर तो टळला. ऊन लागू नये म्हणून डोक्याला दस्ती बांधून निघालो तसं. मानसशास्त्रातही ऋण प्रबलनाचे हेच दोन प्रकार धरतात. दिवाळीत आपण म्हणतो, 'इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो'. पहिला अर्धा ऋण, दुसरा अर्धा धन.

तर ताई, गाईडमधली छडी. 'गृहपाठ केला नाही म्हणून छडी मारणे' हे जसं छापलंय तसं चूक. छडी अंगावर आली, वजा काही झालं नाही. पण तीच छडी पुढं टळावी म्हणून मुलगा रोज गृहपाठ करायला लागला, तर त्या गृहपाठ करण्याचं ऋण प्रबलन झालं. तेव्हा पेन्सिलीनं 'गृहपाठ केला नाही म्हणून छडी मारणे' खोडा आणि तिथं लिहा: 'छडी टळते म्हणून गृहपाठ करू लागणे'.