‘सुटत नाही, तर निदान त्यातून कमवू दे’

पत्राचा सारांश: मुलगा वीस वर्षांचा, स्टॅटिस्टिक्सच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. पहिल्या वर्षी 81 टक्के, यंदा दोन विषय राहिले. रात्र रात्र ऑनलाइन पोकर खेळतो. प्रत्येक डावाची नोंद एक्सेलमध्ये ठेवतो. रागावून झालं, समजावून झालं. आता वडिलांनी ठरवलंय की थोड्या भांडवलात त्याला पोकरची ॲफिलिएट वेबसाइट काढून द्यायची, म्हणजे जिच्या लिंकवरून कुणी खेळायला गेलं की पोकर कंपनी कमिशन देते अशी. सहा महिन्यांत पैसे आले तर ठीक, नाहीतर शिक्षण थांबवून ओळखीच्या ठिकाणी नोकरीला चिकटवायचं. मधे त्याने मित्राकडून घेतलेले पैसे वडिलांनी फेडले, ‘तो विषय संपला’. वेबसाइटचं नाव, होस्टिंग, महिन्याला किती सुटतील, याबद्दल मार्गदर्शन हवंय. मुलाला या पत्राची कल्पना नाही.

नमस्कार,

वेबसाइटबद्दल तुम्ही दोन पानं लिहिलीत आणि मित्राच्या पैशांबद्दल दीड ओळ. मी त्या दीड ओळीपाशीच थांबलो. किती पैसे होते? कशासाठी घेतले? तुम्हाला कळलं कसं, त्याने सांगितलं की मित्र दारात आला? यातलं काहीच पत्रात नाही. विषय संपला असं तुम्ही म्हणता. मला वाटतं, तो तिथेच सुरू होतो.

जुगाराचं व्यसन हा आता नुसता घरगुती शेरा राहिलेला नाही. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या 2013 च्या निदानपुस्तिकेत तो व्यसनांच्या गटात आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या यादीतही आहे. त्या पुस्तिकेत 9 लक्षणं दिली आहेत; वर्षभरात त्यातली 4 दिसली तर गंभीरपणे घ्यायचं. हरलेले पैसे भरून काढायला दुसऱ्या दिवशी पुन्हा बसणं, किती खेळतो ते घरच्यांपासून लपवणं, खेळापायी शिक्षण किंवा नोकरी धोक्यात येणं, पैशांची कोंडी झाली की दुसऱ्याने येऊन ती फोडणं, ही त्यातली चार. यातली शेवटची दोन तुमच्याच पत्रात आहेत. पहिल्या दोन तुम्हाला माहीत नाहीत, कारण तुम्ही विचारलेलं नाही. मी डॉक्टर नाही आणि पत्रावरून निदान करणार नाही. कदाचित तो मर्यादेत खेळणारा, हिशेबी मुलगा असेलही. पण हे ठरायच्या आत त्याच्या हातात पोकरचा धंदा देणं म्हणजे दारू सुटत नाही म्हणून माणसाला गुत्त्याच्या गल्ल्यावर बसवणं.

आणि ती सहा महिन्यांची मुदत! राग मानू नका, पण मला पोकरपेक्षा तिची जास्त भीती वाटते. हरणारा खेळाडू मनाशी काय म्हणत असतो? एक रात्र चांगली गेली की सगळं फिटेल. तुम्ही त्याच्यासमोर मांडलेला डाव हाच आहे, फक्त एका रात्रीऐवजी सहा महिने आणि चिप्सऐवजी त्याचं शिक्षण. पाचव्या महिन्यात वेबसाइटवर काहीच आलेलं नसेल, तेव्हा हा मुलगा काय करील असं तुम्हाला वाटतं? जे पैसे तुम्हाला दाखवायचे आहेत, ते मिळवण्याचा त्याला ठाऊक असलेला एकच झटपट रस्ता आहे. तो त्या टेबलावर जातो.

आता वेबसाइटकडे वळतो, कारण तुमचा बेत एका गैरसमजावर उभा आहे: साइट एकदा उभी राहिली की कमिशन आपोआप येत राहतं. हे पैसे येतात कुठून ते नीट पाहा. पोकरमध्ये खेळाडू एकमेकांचे पैसे जिंकतात. कंपनी जवळजवळ प्रत्येक पॉटमधून, म्हणजे डावात लागलेल्या पैशांतून, थोडा हिस्सा कापून घेते, त्याला रेक म्हणतात. ॲफिलिएटच्या लिंकवरून आलेल्या खेळाडूमागे एकतर एकदाच ठरावीक रक्कम मिळते, किंवा त्याच्या रेकमधला काही टक्के वाटा दरमहा मिळतो. वाटा काढण्याआधी बोनस, रेकबॅक (खेळाडूला परत दिलेला रेक), पैशांच्या व्यवहाराचा खर्च वजा होतो. ठरावीक रकमेलाही अट असते की खेळाडूने अमुक इतके पैसे भरले पाहिजेत, अमुक इतका रेक झाला पाहिजे. नवखा माणूस थोडे पैसे भरून दोन संध्याकाळींत हरला, तर ते पैसे जातात समोरच्या पट्टीच्या खेळाडूच्या खिशात. रेक होतो नाममात्र आणि ॲफिलिएटला मिळतो त्याचा चुरा. मग खरं उत्पन्न कुणाकडून? जो महिनोन् महिने, रोज रात्री, तासन् तास टेबल सोडत नाही त्याच्याकडून. म्हणजे तुमच्या मुलासारख्यांकडून. तो स्वतः एखाद्या लिंकवरून आत गेला असेल, तर त्याची प्रत्येक जागलेली रात्र आज कुणाच्या तरी वेबसाइटची कमाई आहे. अशीच दुसऱ्यांची मुलं गोळा करायचं काम तुम्ही त्याला लावून देणार आहात. हे वाक्य कडक आहे, पण मला ते सौम्य करता येत नाही.

‘थोडं भांडवल’ हा मुद्दा अर्धाच खरा आहे. डोमेन आणि होस्टिंग स्वस्त असतं, मान्य. पण वाचक कुठून आणणार? गूगलवर जुगाराशी संबंधित जाहिरात करायला आधी प्रमाणपत्र लागतं, आणि गूगल ते सगळ्या देशांत देत नाही. उरतो सर्च. तिथे पहिल्या पानावर जुन्या, मोठ्या साइट ठाण मांडून बसल्यात. या धंद्यातल्या कॅटेना मीडिया आणि बेटर कलेक्टिव्ह या कंपन्या 2016 आणि 2018 मध्ये स्टॉकहोमच्या शेअर बाजारात उतरल्या. चालणाऱ्या वेबसाइट विकत घेणं हा त्यांच्या वाढीचा मार्गच होता. दोन विषय राहिलेला विद्यार्थी रात्री बसून लेख लिहील आणि सहा महिन्यांत यांना मागे टाकील, हे गणित त्याच्या स्टॅटिस्टिक्सच्या वर्गात कुणी पास करणार नाही. ज्या सुगीच्या गोष्टी तुम्ही व्हिडिओत ऐकल्यात, त्या बहुतेक 2003 नंतरच्या आहेत. त्या वर्षी ख्रिस मनीमेकर नावाच्या अकाउंटंटने ऑनलाइन पात्रता फेरीतून पोकरची जागतिक स्पर्धा गाठली आणि 25 लाख डॉलर जिंकले. (आडनाव खरोखर तेच आहे.) त्यानंतर नवे खेळाडू लोंढ्याने आले. तेव्हा ज्यांची साइट तयार होती, त्यांचं फावलं.

तो लोंढाही कायद्याच्या एका फटक्याने आटला. 15 एप्रिल 2011 ला अमेरिकी सरकारने पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि अॅब्सोल्यूट पोकर या पोकर साइटची डोमेन, म्हणजे वेबसाइटचे पत्तेच, ताब्यात घेतली. फुल टिल्टच्या खेळाडूंचे पैसे वर्षानुवर्षं अडकले, आणि अमेरिकी खेळाडूंवर जगणाऱ्या ॲफिलिएट साइटची मिळकत रातोरात गेली. भारताच्या संसदेने 2025 मध्ये केलेल्या कायद्यात तर पैशांच्या ऑनलाइन खेळाची जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद, 50 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. कमिशनची लिंक ही माझ्या मते जाहिरातच. साइट कुणाच्या नावावर राहणार, याचा विचार केलात का? मुलाच्या?

तुमच्या पत्रात मला आवडलेली गोष्ट एकच, आणि तुम्ही ती तक्रार म्हणून लिहिलीय: तो प्रत्येक डावाची नोंद ठेवतो. सांगितल्याशिवाय हजारो ओळींचा डेटा नीट भरणारी मुलं मी फार पाहिलेली नाहीत. या मुलाला आकड्यांत खरंच रस आहे. राहिलेले दोन विषय काढले, पदवी पूर्ण केली, की डेटा ॲनालिसिस, विमा क्षेत्रातल्या ॲक्चुअरीच्या परीक्षा, पदव्युत्तर स्टॅटिस्टिक्स, हे रस्ते आहेतच. त्यांची माहिती कुठेही मिळेल, त्यासाठी माझी गरज नाही. पण आत्ता त्याला रस्ते दाखवून उपयोग नाही. ज्याची झोप उडालीय त्याला प्रवेश परीक्षेचं वेळापत्रक देऊन काय होणार?

वेबसाइटसाठी काढलेले पैसे बाजूला ठेवा. मुदत मागे घ्या, आणि मागे घेतली हे त्याला तोंडाने सांगा. मग मित्राच्या पैशांचं विचारा. ‘का केलंस’ने सुरुवात करू नका, ‘अजून कुणाचे द्यायचे आहेत का’ एवढंच विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. असतील तर ते परस्पर फेडू नका. किती, कुणाचे, कधीपर्यंत, ते दोघांनी कागदावर लिहा आणि फेडण्यात त्याचा हात असू द्या. मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या समुपदेशकाकडे एकदा जाऊन या, जमल्यास दोघंही. गॅम्बलर्स ॲनॉनिमस हा 1957 पासून चाललेला मदतगट आहे आणि घरच्यांसाठी गॅम-ॲनॉन नावाचा वेगळा गट आहे. तुम्हालाही त्याची गरज आहे असं मला वाटतं; कर्ज गुपचूप फेडून विषय संपवणारे तुम्ही पहिले वडील नाही.

समुपदेशक म्हणाले की काळजीचं कारण नाही, तर मला आनंदच होईल. तेव्हा वेबसाइटबद्दल मुलालाच मला पत्र लिहू द्या. तो बहुधा तुमच्यापेक्षा नेमके प्रश्न विचारील, आणि हे माझं उत्तर त्याने आधी वाचलेलं असलं तर बरं.